'असे समजते'

'मंत्रिमंडळात लवकरच फेरबदल होणार असल्याचे समजते.' 'मृत तरुण काही दिवसांपासून कर्जबाजारी झाला होता, असे समजते.' 'दुखापतीमुळे हा खेळाडू पुढील सामन्यात उतरणार नसल्याचे समजते.' कोणतेही मराठी दैनिक हाती घ्यावे. ह्या मासल्याची दोनचार वाक्ये त्यात खचित सापडतील. पहिले वाक्य राजकारणाच्या पानावरचे, दुसरे गुन्हेवृत्तातले, तिसरे क्रीडेच्या रकान्यातले. विषय निराळे, लिहिणारे निराळे. परंतु वाक्याच्या शेवटी उभे असणारे क्रियापद एकच. घरात दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जाणारा हा साधा शब्द बातमीत शिरला म्हणजे त्याची वागणूक बदलते. ही वागणूक थोडी तपासून पाहण्याजोगी आहे. कारण पुष्कळदा एखाद्या माणसाची अब्रू ह्या एका क्रियापदावर तोललेली असते.

'समजणे' हा शब्द संस्कृतातील 'बुध्' धातूस 'सम्' हा उपसर्ग लागून, प्राकृताच्या वाटेने मराठीत आलेला आहे. बोध होणे हा त्याचा मूळचा अर्थ. मराठीत त्याचे दोन प्रयोग रूढ आहेत. 'मी त्यास शहाणा समजतो' असे कोणी म्हटले, तर ते त्याचे मत झाले आणि त्या मताची जबाबदारीही त्याचीच. उलट 'मुलाला गणित समजते', 'आईला न सांगताही सारे समजते' ह्या वाक्यांत ज्ञान माणसाकडे चालत येते, आणि ज्याच्याकडे ते येते त्यास चतुर्थी विभक्ती लागते. बातमीने ह्यातला दुसरा प्रयोग उचलला आणि त्यातली चतुर्थी तेवढी गाळून टाकली. व्याकरणाच्या तासाला मास्तरांनी 'समजते ते कोणाला?' असे विचारले, तर ह्या वाक्याजवळ उत्तर नाही. बातमीदारास समजते, संपादकास समजते, की साऱ्या गावास समजते? त्याच्याच जोडीला दुसरी जागाही रिकामी राहते, ती 'कोणाकडून' ह्या प्रश्नाची. ज्याला समजले तो नाही आणि ज्याने समजाविले तोही नाही. मध्ये केवळ समजणे तेवढे शिल्लक आहे.

वस्तुतः ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याची सोय मराठीत फार जुनी आणि मोठी सुबक आहे. 'शेजारच्या वाड्यात काल चोरी झाली म्हणे.' ह्या एका 'म्हणे'त तीन गोष्टी सामावल्या आहेत: सांगणाऱ्याने ती चोरी पाहिलेली नाही, कोणीतरी ती त्यास सांगितली, आणि तिच्या खरेपणाची हमी घेण्यास तो तयार नाही. पाच वर्षांच्या पोरालाही हे 'म्हणे' बरोबर जागी लावता येते. मग वृत्तपत्रांनी ते का घेतले नाही? एक तर ते बोलण्यातले, घरगुती. छापील गंभीरपणास न शोभणारे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की 'म्हणे'त शंकेचा, क्वचित थट्टेचाही सूर आहे. 'मंत्रिमंडळात फेरबदल होणार म्हणे' असे छापले, तर वाचक हसेल.

'समजते'चे तसे नाही. ह्या शब्दाची सारी पूर्वपुण्याई ज्ञानाची आहे. मनुष्य खोटे ऐकू शकतो, खोटे बोलू शकतो, खोटे वाचूही शकतो. परंतु खोटे त्याला 'समजले' असे मराठीत सहसा म्हणत नाहीत. तसे झाले तर त्यासाठी 'गैरसमज' हा वेगळा शब्द भाषेने राखून ठेवला आहे. म्हणून 'असे समजते' म्हटले की कानावर जो ठसा उमटतो तो गोष्ट खरी असल्याचा. ती ऐकीव असल्याचा नव्हे. घरातले 'म्हणे' जे काम करीत होते तेच काम बातमीत 'समजते' करते, पण अंगरखा मात्र त्याने जाणत्याचा घातलेला असतो. सारी गोम येथे आहे.

छापखाना येण्यापूर्वीचे बातमीदार ह्या बाबतीत अधिक मोकळे होते. पेशवेकालीन पत्रांतून 'वर्तमान आले', 'वर्तमान ऐकिले' अशा शब्दांची गाठ वारंवार पडते. लिहिणारा दूरच्या दरबारी बसलेला वकील असो की फौजेबरोबर चाललेला कारकून असो, ऐकलेले ते ऐकलेले म्हणून लिहिण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. ऐकीव वर्तमान किती दूर जाऊ शकते, हे त्या काळाने भोगलेही होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते पडले की निसटले, ह्याविषयी निरनिराळ्या वार्ता दक्षिणेत आल्या. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे स्वतःस भाऊसाहेब म्हणविणारा तोतया उभा राहिला, त्यास मोठमोठे लोक मिळाले, आणि १७७६ साली त्यास देहदंड होईपर्यंत पुणे दरबारास त्याने घोर लावून ठेवला. पंधरा वर्षे एका माणसाच्या मृत्यूची बातमी पक्की होऊ शकली नाही, त्याचा हा परिणाम.

छापील मराठी बातमीचा जन्म ६ जानेवारी १८३२ ह्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'ने झाला. त्यानंतरच्या शतकात बातमीची भाषा हळूहळू बांधेसूद होत गेली. त्या साऱ्या इतिहासात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र ऐकीव माहितीवर विसंबण्याची किंमत एका थोर वृत्तपत्रास आरंभीच मोजावी लागली, ती हकीकत टाळून पुढे जाता येत नाही.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' ही दोन पत्रे पुण्यास निघाली. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. महाराजांस वेड लागल्याचे सांगून त्यांस बंदोबस्तात ठेविले होते, आणि त्यांचा छळ होत असल्याचे लोक बोलत होते. ह्या प्रकरणी संस्थानचे कारभारी बर्वे ह्यांच्यावर दोन्ही पत्रांनी जळजळीत टीका केली. टीकेस आधार म्हणून जी पत्रे संपादकांच्या हाती आली होती, त्यांच्या खरेपणाबद्दल त्यांस शंका नव्हती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर ह्यांनी दिलगिरी प्रकट केली, तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांची साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशेएक दिवस काढले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

ह्या प्रकरणातून संपादकांची लोकप्रियता वाढली हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा हेतू शुद्ध होता, ह्याबद्दलही दुमत नाही. ज्या महाराजांसाठी त्यांनी लेखणी उचलली, त्यांचा १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात बंदोबस्तातच अंत झाला, तेव्हा त्यांची काळजी निष्कारण होती असेही म्हणवत नाही. तथापि न्यायालयापुढे प्रश्न कळवळ्याचा नव्हता. 'हे तुम्हास कोणाकडून समजले, आणि ते खरे कशावरून?' एवढाच प्रश्न होता, आणि पत्रे बनावट निघाल्यावर त्याचे उत्तर देता येण्यासारखे राहिले नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, आणि ते ह्याहून विलक्षण आहे. कधीकधी 'समजते' हा शब्द जेथे हवा तेथेच तो नसतो. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ होते. त्या दिवशी लोकसभेत पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांनी जयप्रकाशांचे निधन झाल्याचे सांगितले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झाले, आकाशवाणीवरून वार्ता देशभर गेली. इकडे जयप्रकाश जिवंत होते. त्यानंतर ते दोनशे दिवस जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास त्यांचे निधन झाले. संसदेत उच्चारलेले वाक्य सरळ, ठाम, भूतकाळी होते. सांगणारा देशाचा पंतप्रधान, तेव्हा ऐकणाऱ्यास शंका येण्याचे कारणच नव्हते. 'निधन झाल्याचे वर्तमान आले आहे, खातरजमा चालू आहे' एवढी पुस्ती जोडली असती, तर एका हयात माणसास श्रद्धांजली वाहण्याचा प्रसंग टळता. म्हणजे 'समजते' हा शब्द मुळात वाईट नव्हे. बातमी हाती आली आहे पण पक्की झालेली नाही, हे सांगण्यासाठी त्याच्यासारखा आटोपशीर शब्द नाही. रेल्वेचा अपघात झाला, पूर आला, आग लागली, म्हणजे पहिल्या तासात आकडे डळमळीतच असणार. तेव्हा 'प्राथमिक माहितीप्रमाणे' किंवा 'असे समजते' लिहिणे हा प्रामाणिकपणाच आहे.

प्रामाणिकपणाचा हा शब्द आडपडद्याचा होतो तो दुसऱ्या जागी. राजकीय बातमीत बातमीदारास कोणाकडून समजले, हे त्यास पक्के ठाऊक असते. सांगणारा बहुधा एखादा पुढारी असतो, आणि ते सांगण्यात त्याचा स्वतःचा काही हिशेब असतो. फेरबदलात आपल्या प्रतिस्पर्ध्याचे खाते जाणार, अशी वार्ता त्याला पसरवायची असते. किंवा एखादा निर्णय लोकांस कितपत रुचतो, हे निर्णयापूर्वीच अजमावून पाहायचे असते. अशा वेळी 'समजते' म्हणजे अनिश्चिती नव्हे. निश्चित माणसाचे नाव झाकणारे ते एक वस्त्र आहे. 'सूत्रांकडून कळते' ही त्याचीच धाकटी बहीण. 'सूत्र' म्हणजे दोरा. परंतु ज्या दोऱ्याचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे ते दिसत नाही, त्यास नुसते 'विश्वसनीय' असे विशेषण लावल्याने वाचकाचे काय समाधान होणार? सांगणाऱ्याचे नाव देता येत नसेल तर निदान त्याची जात तरी सांगता येते: मंत्रालयातला अधिकारी, विरोधी पक्षातला पदाधिकारी, की स्वतः तिकिटाचा इच्छुक. तेवढ्यानेही वाचकास बातमीचे वजन करता येते.

नाव झाकण्यास कधीकधी रास्त कारण असते, हेही येथे सांगितले पाहिजे. कचेरीतला लाचेचा व्यवहार उघड करणाऱ्या कारकुनाचे नाव छापले, तर त्याची नोकरी जाईल आणि पुढे कोणी तोंड उघडणार नाही. म्हणूनच १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात असे कलम आहे की, माहिती कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती कौन्सिलने कोणत्याही वृत्तपत्रावर करू नये. परंतु ज्याचे रक्षण करायचे तो दुर्बळ असला पाहिजे. मंत्र्याच्या कुजबुजीस त्या कवचाची गरज नाही.

व्यापारी बातमीत ह्या शब्दाचा परिणाम रुपयांत मोजता येतो. अमुक कंपनी तमुक कंपनीस विकत घेणार असल्याचे समजते, असे छापून आले की शेअरचा भाव चढतो किंवा उतरतो. आणि बातमी फोल ठरेपर्यंत कोणी कमावून बसतो, कोणी गमावून. ह्यावर सेबीने एक सरळ उपाय काढला. जून २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांस, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पहिल्या अडीचशे कंपन्यांस, असे बंधन घातले गेले की, वृत्तमाध्यमांतील अफवेने भावात लक्षणीय हालचाल झाली, तर चोवीस तासांत तिचा होकार, नकार किंवा खुलासा करावा. पैशाच्या बाबतीत 'समजते'चा पाठपुरावा करण्याची ही तरतूद झाली. माणसाच्या नावास ती तत्परता सहसा लाभत नाही.

हे सर्वांत टोचते ते गुन्हे आणि अपमृत्यूच्या बातम्यांत. 'घरगुती वादातून तिने आत्महत्या केल्याचे समजते.' सहा शब्दांचे वाक्य. बातमी छापून जाते, तेव्हा पंचनाम्याची शाईही वाळलेली नसते. वाद कोणी पाहिला? कोणाशी झाला? ज्या घरात प्रेत अजून उचललेले नाही, त्या घरातील सासू, नवरा, किंवा माहेरची माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी हेच वाक्य वाचणार असतात. शेजारीही ते वाचतात, आणि त्यांच्या लेखी प्रकरणाचा निकाल लागलेला असतो. पुढे चौकशीत मुलीस दुर्धर दुखणे असल्याचे निघाले, तरी त्या घराकडे पाहणारी नजर पूर्ववत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आत्महत्येचे एकच सोपे कारण सांगू नये असे म्हटले आहे, आणि २०१९ साली प्रेस कौन्सिलने ह्या विषयावरील सूचना त्याच धर्तीवर स्वीकारल्या. कारण असे की अशा मृत्यूमागे बहुधा अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात, आणि एक सोपे कारण छापले की तशाच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या माणसास तीच एक वाट दिसू लागते. येथे 'समजते' लिहिण्यापेक्षा 'कारण अद्याप कळलेले नाही' असे लिहिणे खरेही आहे आणि लांबीलाही फारसे अधिक नाही.

कायदा ह्या शब्दास फारशी किंमत देत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असे ठरविले: पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याने सांगावी, ऐकलेली ऐकणाऱ्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, परंतु हे तत्त्व कायम आहे. अब्रुनुकसानीच्या बाबतीतही दुसऱ्याने सांगितले म्हणून छापले, एवढ्यावर सुटका होत नाही. निंदा पसरविणारा हाही निंदकच ठरू शकतो. विधान खरे होते आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हे दाखवावे लागते. वाक्याच्या शेवटी 'असे समजते' जोडले की आपण मोकळे झालो, अशी जी एक समजूत आहे ती समजूतच होय.

मराठी वाक्यरचनेमुळे ह्या प्रश्नाला आणखी एक पीळ पडला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'अमुक गृहस्थाने संस्थेच्या निधीतून लाखो रुपये परस्पर उचलल्याचे समजते' ह्या वाक्यात गृहस्थाचे नाव, निधी, रुपये, उचलणे हे सारे आधी मनात जाऊन बसते. शंका येते ती अगदी शेवटच्या शब्दात, जेव्हा चित्र पुरे झालेले असते. त्यातही 'उचलल्याचे' ह्या रूपाने ती क्रिया जणू घडून गेलेली वस्तूच बनते. छापील पानावर डोळा निदान मागे वळू शकतो. रेडिओवर तेही नाही. श्रोता एका हाताने चहाचा पेला उचलीत असतो, आणि शेवटचा शब्द भांड्यांच्या आवाजात विरून जातो. मथळ्यात तर जागेच्या टंचाईमुळे 'समजते'च प्रथम कापले जाते: 'संस्थेच्या निधीतून लाखोंची उचल'. कधी त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते, कधी एकेरी अवतरणचिन्ह, कधी काहीच नाही. चहाबरोबर मथळे तेवढे चाळणाऱ्या घरात मग आरोप उरतो, शंका उरत नाही.

ह्यावर भाषेतच उपाय आहे. मराठीत क्रियापद हलविता येत नाही, पण सांगणारा पुढे आणता येतो. 'पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे', 'संस्थेच्या एका सभासदाच्या तक्रारीत असे म्हटले आहे की' अशी सुरुवात केली, की जे पुढे येणार ते कोणाचे आहे हे ऐकणाऱ्यास पहिल्याच श्वासात कळते. वाक्य दोन शब्दांनी लांबते खरे. पण ज्याच्याविषयी ते लिहिले आहे, त्याचा जीव त्या दोन शब्दांत अडकलेला असतो. वार्ताहरासही त्याचा एक लाभ आहे. 'कोणाच्या म्हणण्याप्रमाणे' हे आधी लिहावयाचे म्हटले, म्हणजे त्याला त्या कोणाला तरी गाठून विचारावे लागते.

राहता राहिला खुलासा. चुकीची बातमी पहिल्या पानावर मोठ्या टाइपात आलेली असते. खुलासा सातआठ दिवसांनी, आतल्या पानावर, नाटकांच्या जाहिरातींच्या अंगास येतो. त्याची भाषा पाहण्यासारखी असते. 'अमुक तारखेच्या अंकात सदर गृहस्थांविषयी जे वृत्त आले होते ते अनवधानाने प्रसिद्ध झाले असून, त्यांचा ह्या प्रकरणाशी संबंध नसल्याचे समजते.' ज्या माणसाने आठ दिवस शेजाऱ्यांची नजर चुकवून जिन्याची पायरी उतरली, त्याला निर्दोष ठरवितानाही ते कोणाला समजले आणि कोणाकडून, हे सांगितलेले नसते.